बाँडपटांची उतरंड

जेम्स बाँडचे चित्रपट पुन्हा पाहून त्यांची क्रमवारी लावायला बसलं, की बहुतेकांची गाडी नटापाशी अडते. शॉन कॉनरी वर, रॉजर मूर खाली, डॅनियल क्रेग पुन्हा वर. ज्याला जो नट आवडतो त्याचे सगळे चित्रपट एका दावणीला बांधल्यासारखे वर सरकतात. पण त्याच कॉनरीचा 1963 सालचा ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ चौथ्यांदा बघतानाही खिळवून ठेवतो आणि 1971 चा ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ मध्यावरच ढेपाळतो. नट तोच, मग बिघडलं काय? याचं उत्तर पडद्यावरच्या चेहऱ्यात सापडत नाही, ते श्रेयनामावलीत सापडतं. दिग्दर्शक कोण, संकलन कोणाचं, सेट कोणी उभारले, संगीत कोणी दिलं ही नावं लक्षात ठेवून बघायला लागलं की क्रमवारी पार उलटीपालटी होते.

आधी मोजदाद. इऑन प्रॉडक्शन्सच्या मूळ मालिकेत 1962 च्या ‘डॉक्टर नो’पासून 2021 च्या ‘नो टाइम टू डाय’पर्यंत 25 चित्रपट आहेत. कॉनरीचे 6, जॉर्ज लेझनबीचा 1, मूरचे 7, टिमथी डाल्टनचे 2, पिअर्स ब्रॉस्ननचे 4 आणि क्रेगचे 5. मालिकेबाहेरचे आणखी दोन आहेत. त्यांपैकी 1967 चा ‘कॅसिनो रोयाल’ हे विडंबन आहे, ते या यादीत घेऊ नये. 1983 चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ कॉनरीचाच आहे, पण गोष्ट ‘थंडरबॉल’चीच पुन्हा सांगितलेली. त्या कथेचे हक्क केव्हिन मॅक्लोरी यांच्याकडे होते म्हणून तो वेगळा निघू शकला. तो बघायचाच असेल तर ‘थंडरबॉल’च्याच आठवड्यात बघावा आणि क्रमवारीबाहेर ठेवावा.

या हक्कांच्या भांडणाचा मूळ मालिकेवरही परिणाम झाला, आणि तो माहीत नसेल तर काही गोष्टींचा उलगडा होत नाही. बाँडचा जुना शत्रू ब्लोफेल्ड आणि त्याची स्पेक्टर ही संघटना 1971 नंतर एकाएकी गायब होते. 1981 च्या ‘फॉर युवर आइज ओन्ली’च्या सुरुवातीला चाकांच्या खुर्चीतला एक टकला माणूस येतो, त्याच्या मांडीवर पांढरं मांजर असतं, पण त्याचं नाव कोणीही घेत नाही. बाँड त्याला उचलून धुराड्यात टाकतो आणि विषय संपतो. हे नाव परत मिळायला 2013 साल उजाडलं. ‘स्पेक्टर’ हा चित्रपट 2015 मध्ये आला, त्यामागचं कारण हेच.

सगळ्या 25 चित्रपटांची लांबी मिळून साधारण 53 तास होते. आठवड्याला दोन या हिशेबाने तीन महिने लागतात आणि हाच वेग बरा. रोज एक बघितला की सातव्या दिवशी कोणता पाठलाग कोणत्या चित्रपटातला हे आठवेनासं होतं. एका बैठकीत दोन बघायचे तर फक्त एकच जोडी: 2006 चा ‘कॅसिनो रोयाल’ आणि 2008 चा ‘क्वांटम ऑफ सोलेस’. दुसऱ्याची गोष्ट पहिल्याच्या शेवटानंतर जेमतेम तासाभराने सुरू होते. एकटा बघितला तर बाँड एवढा का चिडलाय हेच लागत नाही आणि चित्रपट उगाच तळाला जातो.

प्रतही नीट तपासून घ्यावी. पहिले तीन चित्रपट कमी रुंदीच्या चौकटीत चित्रित झाले आहेत. ‘थंडरबॉल’पासून रुंद पॅनाव्हिजन चौकट आली. मूरचे पहिले दोन, म्हणजे ‘लिव्ह अँड लेट डाय’ आणि ‘द मॅन विथ द गोल्डन गन’, पुन्हा कमी रुंदीत गेले आणि 1977 पासून पडदा परत रुंद झाला. सुरुवातीचा तो बंदुकीच्या नळीतून दिसणारा बाँडही यामुळेच बदलत गेला. पहिल्या तीन चित्रपटांत त्या गोल वर्तुळात चालत येणारा माणूस कॉनरी नाही, बॉब सिमन्स हा स्टंटमन आहे. चौकट रुंद झाली तेव्हा ते दृश्य नव्याने घ्यावं लागलं आणि ‘थंडरबॉल’मध्ये कॉनरी पहिल्यांदा तिथे स्वतः आला. मूरलाही तिसऱ्या चित्रपटासाठी ते पुन्हा करावं लागलं. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी कडा छाटलेली प्रत हाती आली तर रुंद चित्रपटांचा निम्मा जीव गेलेला असतो. 1989 च्या ‘लायसन्स टू किल’ला ब्रिटनमध्ये प्रमाणपत्रासाठी कात्री लागली होती, त्यामुळे त्याचीही न कापलेली प्रत शोधावी. कापलेल्या प्रतीत खलनायकाची क्रूरता बोथट होते, आणि त्या चित्रपटात बाँड सूडाला का पेटला हे त्या क्रूरतेवरच उभं आहे.

आता संकलन. पहिल्या तीनही चित्रपटांचे संकलक पीटर हंट. माणूस खोलीतून निघाला, जिना उतरला, गाडीत बसला, गाडी निघाली, असं सगळं दाखवण्याची तेव्हाची रीत त्यांनी बाजूला सारली. हालचाल सुरू झाली की कापायचं आणि दुसरीकडे ती संपताना पकडायची. मारामारीत तर मधल्या काही फ्रेम गाळून ठोसा आणखी जोरात बसल्यासारखा भासवायचा. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली आगगाडीच्या डब्यातली कॉनरी आणि रॉबर्ट शॉ यांची झटापट याच हातातून घडली आहे. दिवा फुटतो, निळसर उजेड उरतो आणि पार्श्वसंगीत पूर्ण थांबतं. ऐकू येतात ते श्वास, काचा आणि चाकांचा खडखडाट. पुढच्या साठ वर्षांत या मालिकेने कितीतरी मोठ्या मारामाऱ्या केल्या, पण याहून चांगली माझ्या मते एकही नाही.

याच चित्रपटातली बाँडची ब्रीफकेस ही तर पटकथेच्या बांधणीचा नमुना आहे. बाँडला हत्यारं पुरवणारा क्यू ती त्याच्या हाती देतो तेव्हा आत काय काय आहे ते एकदाच सांगतो: 20 गोळ्या, एक सुरा, घडी होणारी रायफल, सोन्याची 50 नाणी आणि पावडरच्या डब्याच्या रूपातलं अश्रुधुराचं नळकांडं. कड्या आडव्या फिरवून उघडली तरच ती सुखरूप उघडते, नाहीतर धूर. यातली प्रत्येक वस्तू पुढे कामाला येते. रायफल आधी बाँडचा तुर्कस्तानातला साथीदार केरीम बे वापरतो, बाँडच्या खांद्यावर टेकवून, आणि नंतर स्वतः बाँड ती हेलिकॉप्टरवर रोखतो. नाण्यांचा लोभ दाखवून ग्रँटला (म्हणजे रॉबर्ट शॉला) तो दुसरी तशीच पेटी उघडायला लावतो, कड्या फिरवायच्या राहतात आणि धूर फुटतो. सुरा झटापटीत उपयोगी पडतो. ग्रँटच्या घड्याळातली गळा आवळायची तार तर चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यात दिसलेली असते आणि शेवटी ती त्याच्याच गळ्याभोवती येते. एकही वस्तू वाया गेलेली नाही आणि एकही आयत्या वेळी खिशातून निघालेली नाही. 2002 च्या ‘डाय अनदर डे’मधली अदृश्य होणारी गाडी यापुढे ठेवून बघावी. ती अडचणीतून सुटका करते, पण तिच्यामुळे बाँडला डोकं चालवावं लागत नाही. पुन्हा बघताना मला हीच कसोटी सगळ्यांत उपयोगी वाटते. शेवट ठाऊक असतो, त्यामुळे बाँड सुटणार की नाही याची उत्सुकता उरत नाही. तो सुटतो कसा, हे बघण्यात मात्र चौथ्यांदाही रस असतो.

गाय हॅमिल्टन यांचे चार चित्रपट सलग बघितले तर नटापेक्षा पटकथा किती महत्त्वाची हे लख्ख दिसतं. 1964 च्या ‘गोल्डफिंगर’मधला खलनायकाचा बेत मालिकेतला सर्वोत्तम आहे. मूळ कादंबरीत त्याला फोर्ट नॉक्समधलं सोनं पळवायचं असतं. चित्रपटात बाँडच त्याला हिशेब घालतो: सोन्याचं वजन 10,500 टन, 60 माणसांना ते 200 ट्रकवर लादायला 12 दिवस लागतील आणि हाताशी आहेत फार तर दोन तास. गोल्डफिंगर शांतपणे सांगतो की सोनं हलवायचंच नाही, अणुबाँबने ते किरणोत्सारी करायचं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सोन्याचा भाव वाढेल. कादंबरीतली फट इथे पटकथेने बुजवली आहे. एवढं असूनही हा चित्रपट मी पहिल्या क्रमांकावर ठेवणार नाही. मध्यानंतर बाँड कैदेतच असतो आणि डाव उलटवणारा निर्णय गोल्डफिंगरची वैमानिक पुसी गलोर पडद्याआड घेते. तो निर्णय ज्या गवताच्या कोठारातल्या प्रसंगावर टेकला आहे, तिथे बाँड तिच्यावर बळजबरी करतो. तो प्रसंग आज बघवत नाही. शेवटी बाँबचं घड्याळ 007 वर थांबतं आणि लगेच बाँड म्हणतो की आणखी तीन ठोके पडले असते तर गोल्डफिंगर जिंकला असता. आकडा मागाहून बदलला, संवाद मात्र आधीच्या 003 साठीचाच राहून गेला. अशा जागा दुसऱ्या पाहण्यातच सापडतात.

‘द मॅन विथ द गोल्डन गन’ क्रमवारीत दरवेळी घोळ घालतो, कारण त्यात एक अद्भुत क्षण आहे. मोडक्या पुलाच्या दोन वळवलेल्या टोकांवरून गाडी हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे उतरते. वेग, वजन आणि उताराचा कोन संगणकावर आधी काढून ठेवलेला होता आणि प्रत्यक्षात ती उडी एकाच टेकमध्ये जमली. त्यावर पार्श्वसंगीतात खेळण्यातल्या शिट्टीसारखा आवाज टाकला गेला आणि खऱ्या धोक्याचं प्रहसन झालं. संगीतकार जॉन बॅरी यांना पुढे त्याची खंत वाटली. आवाज बंद करून ती उडी एकदा बघावी, मग काय गमावलं ते कळतं. पण एका उडीचे गुण दोन तासांच्या चित्रपटाला द्यायचे नाहीत. ख्रिस्तोफर ली यांच्यासारखा खलनायक असूनही पटकथा त्याला सौरऊर्जेच्या भानगडीत अडकवते आणि बंदूकबाजांच्या सामन्याची मूळ कल्पना बाजूला पडते.

लुईस गिल्बर्ट यांचे तीन चित्रपट म्हणजे खरं तर एकच गोष्ट तीनदा आहे. 1967 च्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये अंतराळयान गिळलं जातं, 1977 च्या ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’मध्ये पाणबुडी आणि 1979 च्या ‘मूनरेकर’मध्ये स्पेस शटल पळवलं जातं. तिन्हींमध्ये केन अ‍ॅडम यांचे प्रचंड सेट आहेत. ज्वालामुखीच्या पोटातल्या अड्ड्याच्या एका सेटवर साधारण दहा लाख डॉलर खर्च झाले, म्हणजे जवळपास अख्ख्या ‘डॉक्टर नो’च्या खर्चाइतके. पाणबुड्या गिळणाऱ्या तेलवाहू जहाजासाठी तर पाइनवुड स्टुडिओत 1976 मध्ये नवा मंचच बांधावा लागला. यांतला मधला सर्वांत वर जातो, आणि त्याला सुरुवातीची ती कड्यावरची उडी कारणीभूत आहे. रिक सिल्व्हेस्टर या स्टंटमनने कॅनडातल्या बॅफिन बेटावरच्या अ‍ॅसगार्ड पर्वतावरून बर्फाच्या घसरपट्ट्यांसह खरोखर झेप घेतली. संगीत थांबतं, नुसता वारा ऐकू येतो, माणूस पडतच राहतो. मग ब्रिटिश झेंड्याचं पॅराशूट उघडतं आणि बाँडची धून सुरू होते. तो शॉट नीट सापडला एकाच कॅमेऱ्याला.

ही उडी टिपणाऱ्या तुकडीचे प्रमुख होते जॉन ग्लेन. त्यांचं नाव लक्षात ठेवावं, कारण इथून धागा मागे 1969 पर्यंत जातो.

त्या वर्षी पीटर हंट स्वतः दिग्दर्शक झाले आणि त्यांनी ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ केला. संकलनाला हेच जॉन ग्लेन. नट नवा, लेझनबी, आणि या एका कारणाने कित्येक वर्षं हा चित्रपट याद्यांच्या तळाशी पडून राहिला. लेझनबी कच्चा आहे हे खरंच. बाँड हिलरी ब्रे नावाचा वंशावळतज्ज्ञ असल्याची बतावणी करतो तेव्हाचा आवाजही त्याचा नाही, जॉर्ज बेकर यांचा आहे. पण बर्नमधला तिजोरी फोडण्याचा प्रसंग घ्या. वकील जेवायला गेलेला, बाँड एकटा, तिजोरी उघडणारं यंत्र बाहेरच्या बांधकामाच्या क्रेनने खिडकीपर्यंत पोचवलेलं. संवाद जवळजवळ नाहीच. फक्त बॅरी यांचं संगीत आणि परत येणारा वकील. पुढचा बर्फावरचा पाठलाग विली बोगनर यांनी स्वतः बर्फावरून घसरत, हातात कॅमेरा धरून टिपला, त्यामुळे बघणारा पाठलागाच्या आतच असतो. डायना रिग यांच्या ट्रेसीला स्वतःची बुद्धी आणि स्वतःचं दुःख आहे. ही बाँडपटांत तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती.

एक खटकणारी गोष्ट आहे. ब्लोफेल्ड बाँडला ओळखत नाही, आणि आधीच्याच चित्रपटात तर दोघे समोरासमोर आले होते. कादंबऱ्यांचा क्रम उलटा आहे, ही कथा 1963 ची आणि ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ त्यानंतरची. चित्रपट उलट क्रमाने निघाले आणि हंट यांनी कादंबरीशी इमान राखलं. म्हणून याचे गुण मी कापत नाही. मधला ब्लोफेल्डच्या दवाखान्यातला भाग रेंगाळतो, तिथे मात्र कापावेत.

ग्लेन यांनी पुढे 1981 ते 1989 असे सलग पाच बाँडपट दिग्दर्शित केले. ‘फॉर युवर आइज ओन्ली’मध्ये ‘मूनरेकर’च्या अंतराळातून बाँड जमिनीवर येतो. ग्रीसमधल्या मेटेओराच्या कड्यावर लोंबकळताना तो बुटांच्या नाड्या सोडतो, दोरावर त्यांच्या सरकगाठी मारतो आणि एकेक गाठ वर सरकवत चढतो. खऱ्या गिर्यारोहणातली ही युक्ती आहे आणि ब्रीफकेसच्या कसोटीला ती पुरेपूर उतरते. ‘ऑक्टोपसी’चा सूर सारखा ढळतो, जंगलात टारझनची आरोळी येते तेव्हा तर फारच, पण शेवटाकडचा सर्कशीतल्या बाँबचा भाग उत्तम बांधला आहे. ‘अ व्ह्यू टू अ किल’च्या वेळी मूर 57 वर्षांचे होते आणि धावण्याच्या प्रत्येक शॉटमध्ये बदली माणूस दिसतो. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. डाल्टनचा ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ मात्र बहुतेक याद्यांत असतो त्याहून बराच वर हवा. सुरुवातीचा नेमबाजाचा प्रसंग बाँडचे जनक इयन फ्लेमिंग यांच्या लघुकथेच्या जवळचा आहे. पुढे शस्त्रं, अफू आणि हिरे यांचा व्यवहार एवढा गुंततो की कागदावर लिहून घ्यावा लागतो.

मार्टिन कॅम्बेल यांना दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा नवा बाँड उभा करायला. 1995 चा ‘गोल्डनआय’ चांगला आणि 2006 चा ‘कॅसिनो रोयाल’ त्याहून कितीतरी चांगला. दुसऱ्याचं संकलन स्टुअर्ट बेअर्ड यांचं, आणि तेच पुढे ‘स्कायफॉल’चेही संकलक होते. 144 मिनिटांच्या चित्रपटाचा मोठा भाग पत्त्यांच्या टेबलावर घालवणं धाडसाचं आहे. तो भाग तरतो, कारण खेळ मध्ये मध्ये तोडून जिन्यावरची मारामारी, विषप्रयोग आणि अंगावरच्या कपड्यांसकट शॉवरखाली बसलेली नायिका व्हेस्पर आणली आहे. ‘स्कायफॉल’ दिसायला मालिकेत सर्वांत देखणा आहे, रॉजर डीकिन्स यांनी शांघायच्या काचांमध्ये निऑनचा उजेड जसा खेळवला तसा कोणी नाही. पण खलनायकाचा बेत योगायोगांवर चालतो. भुयारात आगगाडी नेमक्या सेकंदाला बाँडच्या डोक्यावर कशी कोसळली, हा प्रश्न दुसऱ्यांदा बघताना टाळता येत नाही.

प्रत्यक्ष क्रम लावताना दहापैकी गुण देऊ नयेत. ‘डॉक्टर नो’ला दिलेला सात आणि तीन महिन्यांनी ‘नो टाइम टू डाय’ला दिलेला सात यांची पातळी एक नसते. प्रत्येक नवा चित्रपट आधीच्या यादीतल्या मधल्या चित्रपटाशी ताडायचा: आज रात्री दोन्हींपैकी कोणता लावाल? वर गेला तर वरच्या अर्ध्याचा मधला, खाली गेला तर खालच्याचा. सगळ्या जोड्या लावल्या तर 300 तुलना होतात, या पद्धतीने 94 च्या आत काम उरकतं. नोंद करताना चित्रपटाचा तिसरा पाव भाग वेगळा लिहावा, साधारण 65व्या ते 100व्या मिनिटापर्यंतचा. बाँडपट ढासळतो तो इथेच. सुरुवात आणि शेवट सगळ्यांनाच जमतात. ‘थंडरबॉल’ याच पट्ट्यात पाण्याखाली जातो आणि पाण्याखाली सगळ्यांची गती मंदावते. मधल्या दहा-बारा चित्रपटांचा नेमका क्रम दर खेपेला थोडा हलतो. ते एका गठ्ठ्यात ठेवले तरी चालतं.

तळाचे तीन माझ्या लेखी ठरलेले आहेत: ‘डाय अनदर डे’, ‘अ व्ह्यू टू अ किल’ आणि ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’. वरचे तीनही ठरलेले, ‘कॅसिनो रोयाल’ तिसरा. पहिल्या दोन जागांसाठी हंट यांचेच दोन चित्रपट उरतात, एक संकलक म्हणून आणि एक दिग्दर्शक म्हणून. बांधणीत ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ निर्दोष आहे. तरी मी वर ठेवतो ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ला. लग्न होऊन काही तासही झालेले नसतात, गाडीच्या काचेला गोळीचं भोक पडलेलं असतं, ट्रेसी बाँडच्या मांडीवर असते, आणि तो पोलिसाला सांगत असतो की ती जरा विसावा घेतेय, आम्हाला घाई नाही. पुढच्या चित्रपटात तिचं नावही निघत नाही. ते बारा वर्षांनी दिसतं, ग्लेन यांच्या पहिल्या चित्रपटाच्या पहिल्या दृश्यात. बाँड फुलं घेऊन स्मशानात येतो आणि दगडावर कोरलेलं असतं: टेरेसा बाँड, 1943–1969.